नरक्या: सह्याद्रीतून कर्करोगाच्या औषधाकडे

सह्याद्रीच्या दाट रानात वाढणारा नरक्या हा फुलांच्या उग्र दुर्गंधीमुळे ओळखला जाणारा लहानसा वृक्ष. १९६६ साली अमेरिकेत मन्‍रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये तेच द्रव्य गोविंदाचारी व विश्वनाथन यांना नरक्यात आढळले. पेशीची वाढ होताना डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या विकराला ते जागीच अडकवते. मात्र मूत्राशयाला इजा होऊ लागल्याने रुग्णांवरील सुरुवातीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच रेणूत फेरफार करून टोपोटेकान हे औषध घडवले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या उलटलेल्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. रुग्णांना आधार मिळाला, रान मात्र उजाड झाले: कॅम्प्टोथेसिनसाठी होणाऱ्या निर्यातीपायी बेसुमार तोड होऊन नरक्या दुर्मीळ झाला.