मामा, न्यायालय आणि ऐकणारे कुणी

उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या जामखेडच्या एसटी स्थानकावर दरवर्षी तेच दृश्य दिसते. पिशव्या, पापड-कुरडयांचे डबे आणि खिडकीच्या जागेसाठी भांडणारी मुले. निघालेली बहुतेक मामाच्या गावाला. मराठी कुटुंबात मामाइतके निर्धोक मानले गेलेले नाते क्वचितच असेल. वधूला बोहल्याकडे आणतो तो मामा, अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच.

आजच्या धाग्यात दोन नाटके आहेत. दोन्ही प्रथम मुंबईत रंगमंचावर आली. एक १९६७ मध्ये, दुसरे २००१ मध्ये. दोन्हींत कोवळ्या वयात अत्याचार झालेली मुलगी मोठेपणी आपली कथा सांगते आणि दोन्हींत अत्याचार करणारा मामा आहे. (विषय जड आहे. ज्यांना आज वाचणे नको वाटेल, त्यांनी खुशाल इथेच थांबावे.)

पहिले नाटक तुम्हांला ठाऊक आहे : विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. डिसेंबर १९६७ मध्ये ‘रंगायन’ने ते सादर केले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाच्या कार्यक्रमासाठी निघालेल्या एका हौशी मंडळाशी तेंडुलकरांची गाठ पडली आणि त्यातून हे बीज मिळाले. नाटकातले मंडळही तसेच आहे. रात्री अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर खटला चालवायचा आहे, दुपार रिकामी आहे, म्हणून गंमत म्हणून बेणारेबाईंना आरोपी केले जाते. आरोप बालहत्येचा.

हे नाटक आपण सहसा कुमारी मातेचे आणि दांभिक मध्यमवर्गाचे म्हणून वाचतो. अभ्यासक्रमातही तेच शिकवले जाते, आणि ते चूक नाही. पण त्यात एक साक्ष अशी आहे की जिच्यावर आपण फारसे थांबत नाही. कर्णिक ऐकीव माहिती सांगतो : आरोपीने पूर्वी एकदा जीव देण्याचा प्रयत्न केला होता, कारण प्रेमभंग, वय पंधरा, आणि ते प्रेम सख्ख्या मामावर. हे कळताच वकील सुखात्मे आनंदून जातात. वर्तमानातल्या दुराचरणाचे मूळ त्यांना भूतकाळात सापडलेले असते! त्या पंधरा वर्षांच्या मुलीचे वय कुणी मोजत नाही. मामाला साक्षीला बोलावण्याची कल्पनाही कुणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः नाटक रंगमंचावर आले तेव्हाच्या भारतीय दंड विधानानुसार सोळा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्यच नव्हती. कायद्याच्या भाषेत त्या खोलीत गुन्हेगार एकच होता आणि तो गैरहजर होता. बेणारेचा दुसरा पुरुष, प्राध्यापक दामले, हाही गैरहजर. तेंडुलकरांनी दोन्ही खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत.

मग ते प्रसिद्ध स्वगत येते. न्यायालय आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद देते. ती गप्प राहते. प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे बोलू लागते. ती म्हणते, मी जेमतेम चौदा वर्षांची होते, पाप म्हणजे काय हेही मला कळत नव्हते. मामा रोज तिच्या उमलत्या वयाचे कौतुक करी, माया करी. लग्नाचा विषय निघताच तो पळून गेला. विशेष म्हणजे इतक्या वर्षांनंतरही त्या संबंधासाठी तिच्याजवळ शब्द आहे तो ‘प्रेम’ हाच. ‘अत्याचार’ हा शब्द तिला कुणी दिलेलाच नाही. हे स्वगत मूळ संहितेत नव्हते, अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तेंडुलकरांनी ते नंतर, काहीशा नाखुशीने लिहून दिले, असे त्या प्रयोगाच्या आठवणींत सांगितले जाते. लेखकालाही ती गप्पच राहणार असे वाटले असावे.

बोलून ती मोकळी होते का? नाही. तिचे बोलणे रंगमंचावर कुणीच ऐकलेले नसते. प्रकाश पूर्ववत होतो, न्यायमूर्ती काशीकर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात आणि मंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. आपली कहाणी सांगितल्याने जखम भरते, असे आज सर्रास म्हटले जाते. १९६७ च्या या नाटकात मात्र सांगणे आहे आणि ऐकणे नाही.

सुखात्म्यांना आपण खलपात्र समजतो. पण त्यांच्या पाठीशी खराखुरा कायदा होता. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १५५(४) नुसार बलात्काराच्या खटल्यात, तक्रारदार स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे, असे दाखवण्याची मुभा होती. नाटकानंतर पाचच वर्षांनी, मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असलेली ठरवून पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने दोषी धरले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कलम १५५(४) मात्र तेव्हाही टिकले. ते गेले २००२ च्या दुरुस्तीने.

त्याच काळात ऐकण्याची एक वेगळी जागा आमच्याच गावात तयार होत होती, याचा मला थोडा अभिमान आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावांनी निवडलेल्या आरोग्य कार्यकर्त्या पुष्कळशा निरक्षर, दलित घरांतल्या, नकळत्या वयात लग्न लावून दिलेल्या. बालविवाह हा बालपणावरचा अत्याचारच, फक्त मांडव घालून केलेला. या स्त्रिया प्रशिक्षणाला एकत्र जमत, तेव्हा बाळंतपण आणि जुलाबावरचे उपचार शिकता शिकता स्वतःची आयुष्येही एकमेकींना सांगत. पुढे गाणी आणि छोट्या नाटुकल्यांतून त्यांनी गावोगाव आरोग्याचे ज्ञान नेले. त्यांच्या मेळाव्यात न्यायाधीश कुणी नव्हते; ऐकणाऱ्या प्रत्येकीजवळ तशीच एक गोष्ट होती.

दुसरे नाटक महेश दत्तानी यांचे : ‘थर्टी डेज इन सप्टेंबर’. इंग्रजी आहे. कुटुंबांतर्गत लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या दिल्लीच्या ‘राही’ संस्थेसाठी ते लिहिले गेले आणि २००१ मध्ये लिलेट दुबे यांच्या दिग्दर्शनाखाली मुंबईच्या पृथ्वी थिएटरमध्ये आले. नायिका माला समुपदेशक स्त्रीपुढे बोलते आणि तिचे बोलणे ध्वनिफितीवर नोंदवले जाते. ऐकणारी व्यक्ती इथे नाटकाच्या बांधणीतच आहे. आपल्या आईने सगळे ठाऊक असून डोळेझाक केली, हा मालाचा जुना राग. शेवटी उलगडते ते असे की त्याच पुरुषाने, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाने, आईलाही तिच्या लहानपणी वर्षानुवर्षे छळले होते. ती देवघरात कृष्णापुढे बसून गप्प राहायला शिकली होती. आईचे नाव शांता. तेंडुलकरांच्या शीर्षकाशी हा योगायोगच असेल, पण वाचताना मी दचकलो होतो.

बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ३३(६) मध्ये विशेष न्यायालयावर एक बंधन आहे : बालकाला आक्रमक प्रश्न विचारू द्यायचे नाहीत आणि त्याचे चारित्र्यहनन होऊ द्यायचे नाही. हे कलम प्रथम वाचले तेव्हा डोळ्यांपुढे सुखात्मे आले.

आता थोडे स्वतःचे. बेणारेचे स्वगत आज एकपात्री स्पर्धांचे लाडके आहे. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकाच दुपारी मी तीन बेणारे पाहिल्या. परीक्षक उच्चार आणि श्वासावरचा ताबा यांचे गुण मांडत होते. तिसरीच्या वेळी, चौदाव्या वर्षाचा उल्लेख आला आणि माझ्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. ती ओळखीची नव्हती, म्हणून मी बसून राहिलो आणि स्वगत संपल्यावर टाळ्याही वाजवल्या.

नाटकाच्या अखेरीस गावातला साधाभोळा सामंत पुतण्यासाठी आणलेला हिरव्या कापडाचा पोपट निपचित पडलेल्या बेणारेजवळ हळूच ठेवतो आणि निघून जातो. त्या दुपारी माझ्या हातून तेवढेही झाले नाही.