बार्ली वाइन

बार्ली वाइन : इंग्लंडमधील स्ट्राँग एल गटातील सर्वांत कडक बिअर. नावात वाइन असली तरी तिच्यात द्राक्षांचा अंश नसतो. मोड आणून वाळवलेल्या जवापासून, म्हणजे माल्टपासून ती बनते. मद्यार्काचे प्रमाण साधारण ८ ते १२ टक्के.

जुन्या इंग्लिश ब्रुअऱ्यांत एकाच माल्टवर गरम पाणी दोन-तीनदा सोडत. पहिला दाट, गोड रस कडक एलसाठी राखला जाई. शेवटच्या पातळ रसाची ‘स्मॉल बिअर’ होई. दाट रसातली साखर आंबवताना यीस्टची दमछाक होते, म्हणून महिनोन्महिने मुरवणे आलेच. मुरताना मनुका, टॉफी, शेरी यांची आठवण देणारी चव उतरते आणि हीच या बिअरची खरी श्रीमंती.

बर्टनच्या बास कंपनीची ‘नंबर वन’ या प्रकारातली सर्वांत नामांकित. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोपने १९६८ मध्ये कादंबरीकार टॉमस हार्डीच्या स्मरणार्थ काढलेली एल शौकीन वर्षानुवर्षे जपून ठेवत. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये ‘ओल्ड फॉगहॉर्न’ बनवली आणि हा प्रकार अमेरिकेत रुजला. तिथे हॉप्स या फुलांचा कडवटपणा वाढला.

भारतात ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर मात्र बहुतांशी लागर असते, एल नव्हे. तिचे घराणे वेगळे.