एकहातीं चालविलेलें मासिक

रत्नागिरी जिल्ह्यानें मराठी वृत्तपत्रसृष्टीला काय दिलें असा विषय निघाला म्हणजे आपण बहुधा दोन नांवांशीं येऊन थांबतों. एक पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें. आणि दुसरे आमच्या शहरांत जन्मलेले लोकमान्य टिळक. (पोंभुर्लें १९८१ सालापासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें, पण जुनीं माणसें अद्याप तें आपलेंच समजतात.) या दोघांच्या तसबिरी शाळाशाळांतून आहेत आणि तें योग्यच आहे. मला आज बोलावयाचें आहे तें ज्यांची तसबीर मीं कोणत्याही शाळेंत पाहिली नाहीं अशा एका संपादकाविषयीं.

दापोली तालुक्यांतील मुरुड हें गांव महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्यामुळें सर्वांस ठाऊक आहे. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले, पुढें पॅरिसला जाऊन गणिताचा अभ्यास करून आले, आणि मुंबईस विल्सन कॉलेजांत प्राध्यापक झाले. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स बाईंनीं आपलें केंद्र उघडलें तें याच वर्षीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. या कार्यापायीं १९२५ सालीं त्यांची प्राध्यापकी गेली. एवढ्यावर एखादा गप्प बसला असता. यांनीं जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ नांवाचें मासिक काढलें.

मासिक म्हटलें म्हणजे कचेरी, कारकून, साहाय्यक संपादक असें कांहीं डोळ्यांपुढें येतें. येथें तसें नव्हतें. लेख लिहावयाचे कर्व्यांनीं, वाचकांच्या पत्रांना उत्तरें द्यावयाचीं त्यांनींच, आणि जमाखर्चांत तूट आली कीं ती भरावयाची तीही त्यांनींच. आणि तूट तर नेहमींचीच. पत्नी मालतीबाई यांची साथ नसती तर हा संसार व हें मासिक दोन्ही चालतीं ना. १९४४ सालीं त्या गेल्या, तरी अंक निघतच राहिले.

लोकांनीं या मासिकाला अश्लील ठरविलें आणि न वाचतांच बाजूला सारलें. वाचलें असतें तर त्यांना एक उत्तम गद्यलेखक भेटला असता. गणिताच्या माणसाची ती भाषा आहे. वाक्यें आंखूड, विशेषणें बेताचीं, आणि प्रत्येक विधानामागें कारण. ‘शारदेचीं पत्रें’ या सदरांत ते एका स्त्रीच्या नांवानें लिहीत. ही शारदा रूढींना असे साधे प्रश्न विचारते कीं उत्तर देणाऱ्याची भंबेरी उडावी. मराठींतील विनोदी गद्याच्या निवडक संग्रहांत तिला जागा मिळावयास हरकत नव्हती. कर्व्यांमध्यें दोष नव्हते असें मी म्हणत नाहीं. प्रतिपक्षाविषयीं त्यांच्याजवळ धीर थोडा होता, आणि त्यांचीं कांहीं मतें आज कोणी मान्य करणार नाहीं. पण मतभेद हें न वाचण्याचें कारण कसें होऊं शकतें?

१९३१ सालीं व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला होता वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवर. त्या वेळीं त्यांच्या बाजूनें कोर्टांत उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. लोकांनीं अज्ञानापोटीं प्रश्न विचारले, त्यांस उत्तर देणें हा गुन्हा कसा, अशा धोरणानें त्यांनीं बाजू मांडली. खटला ते हरले. दंड दोनशें रुपये झाला. या जोडीकडे मी नेहमीं कौतुकानें पाहतों. आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवें मंडणगड तालुक्यांत, म्हणजे दापोलीच्या शेजारींच; बाळपणाचे कांहीं दिवसही त्यांचे दापोलीस गेलेले. त्यांचें ‘बहिष्कृत भारत’ निघालें तेंही १९२७ च्या एप्रिलांत, आणि त्याचे चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याला भरावे लागत. पदरीं पैसा नाहीं, लिहिणारा दुसरा हात नाहीं, आणि सांगावयाचें तें बहुतेकांस नकोसें, अशीं हीं दोन पत्रें एकाच मुलुखांतल्या दोन माणसांनीं एकाच वर्षीं काढलीं.

आतां माझ्याविषयीं थोडें. मीं तीस वर्षें शाळेंत मराठी व इतिहास शिकविला. अण्णासाहेबांवर दरसाल बोललों. त्यांच्या थोरल्या मुलाचें नांव एकदांही घेतलें नाहीं. माहीत नव्हतें असें नाहीं. वर्गांत काढण्यासारखा तो विषय नव्हे, असें माझ्या मनानें घेतलें होतें. पुढें एकदां माझी एक हुशार विद्यार्थिनी बाजारांत भेटली. लग्नाला सहा वर्षें झालेलीं, चौथ्या खेपेला माहेरीं आलेली, चेहरा ओढलेला. तिनें वांकून नमस्कार केला आणि म्हणाली, “गुरुजी, वाचन सुटलं हो सगळं.” घरीं येईपर्यंत मला कर्व्यांचे अंक आठवत राहिले.

अलीकडे अनंत देशमुख यांनीं परिश्रमपूर्वक त्यांचें लेखन संपादून अनेक खंडांत आणलें आहे. २००१ सालीं अमोल पालेकरांनीं त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला. चित्रपट पाहिलेले मला पुष्कळ भेटतात, खंड उघडलेले क्वचितच. आपल्या गांवच्या वाचनालयांत ते नसतील तर मागणीच्या वहींत नांव लिहून ठेवा, आणि आरंभ शारदेपासून करा.

१९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हातीं घेतला, तेव्हां ‘समाजस्वास्थ्य’ निघतच होतें. पुढल्या वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५३ रोजीं, कर्वे वारले. मासिक पुढें चालविणारा दुसरा कोणी नव्हताच. त्यांच्याबरोबर तेंही संपलें.