अकृष्टपच्य: नांगरापूर्वीचे अन्न आणि आजची प्रकृती

मनुष्याचे शरीर अश्मयुगात घडले, त्याचे अन्न मात्र शेतीने बदलले, आणि या विसंगतीतूनच मधुमेह, हृद्रोग, मेदवृद्धी इत्यादी विकार उद्भवले, असा एक सिद्धांत गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य देशांत रूढ झाला आहे. अमेरिकन वैद्य वॉल्टर व्होग्टलिन यांनी १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा पुराश्मयुगीन पोषणावरील निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या मतास विद्वन्मान्यता मिळू लागली, २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांचे पुस्तक निघाले आणि ते मत घरोघरी पोहोचले. धान्य, कडधान्य, दूध, साखर आणि मीठ ही वर्ज्य. मांस, मासे, फळे व पालेभाज्या ही ग्राह्य, असा त्याचा सामान्य विधिनिषेध आहे.

मराठी समाजास ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. नांगराने कसलेल्या भूमीत पिकणारे ते ‘कृष्टपच्य’ आणि नांगरावाचून आपोआप पिकणारे ते ‘अकृष्टपच्य’, असा भेद संस्कृत भाषेने फार पूर्वी केला. तैत्तिरीय संहितेतील चमकात यजमान ज्या वस्तूंची मागणी करतो, त्यांत हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. पाणिनीने ‘कृष्टपच्य’ हा शब्द नेहमीच्या नियमाने सिद्ध न करता निपातनाने, म्हणजे तयार रूप म्हणून, सूत्रात नोंदविला आहे. तो त्याच्या काळी चांगलाच रुळलेला असला पाहिजे. चमकातील यजमानास मात्र दोन्ही अन्ने सारखीच हवी आहेत. एकाहून दुसरे अधिक पवित्र आहे अशी भावना तेथे दिसत नाही. ती पुढे आली. मनुस्मृती वानप्रस्थास नांगरलेल्या भूमीतील अन्न निषिद्ध ठरविते, आणि कालिदासाच्या तपोवनात मुनी नीवारावर, म्हणजे रानभातावर, राहतात. नांगराची संस्कृती पूर्णपणे प्रस्थापित झाल्यानंतरच नांगराविना पिकणाऱ्या अन्नास तपाचे तेज प्राप्त झाले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या कल्पनेचा महाराष्ट्रातील सर्वांत जिवंत अवशेष म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीचे ऋषिपंचमीचे व्रत. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, हा स्त्रियांचा नियम सर्वपरिचित आहे. नीवारालाच कोकणात देवभात म्हणतात. तो या व्रतास चालतो, कारण तो कोणी पेरलेला नसतो. व्रताचा शास्त्रोक्त हेतू रजोदोषाच्या निवारणाचा, आणि व्रतकथेत तर त्या दोषामुळे पतीसच बैलाचा जन्म आलेला. तेव्हा बैलास एक दिवस विश्रांती देणारा हा नियम कथेशी सुसंगतच म्हटला पाहिजे. परंतु ऋषीच्या भाजीत प्रत्यक्षात काय शिजते, हे पाहिले असता इतिहासाच्या अभ्यासकाची मोठी करमणूक होते. अळू आणि सुरण येथले खरे. पण त्याच पातेल्यात पडणारा लाल भोपळा, मक्याची कणसे आणि हिरवी मिरची या तिन्ही वस्तू अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, या देशात आल्या. उपवासाच्या फराळाची स्थितीही निराळी नाही: शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सारी त्याच खंडाची देणगी. शिंगाडा आणि वरी यांचे कूळ तेवढे एतद्देशीय.

म्हणून व्रत खोटे ठरते असे नव्हे. व्रताचा संबंध श्रद्धेशी आहे, वनस्पतींच्या वंशावळीशी नाही. मात्र यातून पूर्वजांच्या आहाराविषयी एक गोष्ट कळते. प्रत्येक पिढी स्वतःच्या मंडईतून पूर्वजांचे ताट वाढते. कॉर्डेन यांच्या अनुयायांचे ताटही, कलमी फळे आणि पोसलेल्या प्राण्यांचे मांस यांनी भरलेले असल्याने, याला अपवाद ठरत नाही.

अकृष्टपच्य अन्न केवळ ग्रंथात किंवा व्रतात उरलेले नाही. कल्याण-कर्जत लोहमार्गावर बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. उल्हास नदीच्या या खोऱ्यातील डोंगरपायथ्याच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आहे. पहिला पाऊस पडला की या वाड्यांतील स्त्रिया रानभाज्या खुडून बाजारी आणतात: शेवळे, टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोळी. या मुलखाला अभ्यासकांची वाण पडलेली नाही. ना. गो. चापेकर यांचा ‘बदलापूर’ हा ग्रंथ १९३३ चा; कातकऱ्यांवरील वेलिंग यांचे पुस्तक त्यानंतरच्या वर्षीचे; आणि सह्याद्रीतील ठाकरांवरील ल. ना. चापेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० चा.

शेवळांचे उदाहरण विस्ताराने घेण्याजोगे आहे. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचा फुलोरा पावसाच्या आरंभी पानांच्या आधी जमिनीतून वर येतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. भाजी नीट केली नाही तर घसा खवखवतो आणि जीभ सुजते. म्हणून फुलोऱ्याचा खाजरा भाग काढून टाकतात आणि शिजविताना काकडाची आंबट फळे घालतात. शेवळे विकणारी बाई काकडेही बरोबर आणते. एकावाचून दुसऱ्यास अर्थ नाही. कडूकांद्याची कृती याहूनही कष्टाची. हा कंद तसाच खाल्ला तर विषारी. त्याच्या पातळ चकत्या कराव्या लागतात, त्या राखेच्या पाण्यात उकळाव्या लागतात आणि रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात. तेव्हा कोठे त्यातील कडवटपणा आणि विष जाते. पूर्वजांचे अन्न म्हणजे पदार्थांची यादी, अशी जी समजूत आधुनिक आहारपुस्तकांतून आढळते, तिला हे दोन कंदच पुरेसे उत्तर आहेत. अन्न रानात असते हे अर्धेच सत्य. ते अन्न होते ते हातांच्या कृतीने, आणि ती कृती शब्दांतून पुढे जाते. कोणता पाला कोवळा असतानाच खावा, कोणता कोणत्या नक्षत्रापर्यंत चालतो, कोणत्या कंदास किती पाणी लागते, हे ज्ञान या वाड्यांच्या बोलींत साठलेले आहे. कातकरी बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात १९०५ मध्येच झाली; परंतु तिच्यातील वनस्पतिनामांचा आणि पाकक्रियावाचक धातूंचा स्वतंत्र कोश हे काम मराठी भाषाविज्ञानाने अग्रक्रमाने हाती घ्यावे अशा योग्यतेचे आहे.

येथे एका प्रमादापासून सावध राहिले पाहिजे. कातकरी किंवा ठाकर हे अश्मयुगातील मानवाचे उरलेले नमुने नव्हेत. ‘कातकरी’ हे नावच काताच्या धंद्यावरून पडले आहे, आणि कात हा बाजारात विकावयाचा माल होय. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, खाचरात भात, हे त्यांचेही मुख्य अन्न. नाचणी तर मुळात पूर्व आफ्रिकेतून आलेली. रानातील कंद आणि पाला हा धान्यास पूरक असतो आणि धान्याची कणगी रिकामी होते त्या दिवसांत आधार होतो. डॉ. लिस्बोआ यांनी १८८६ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींची जी माहिती संकलित केली, तीत दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण योजावे लागले, यावरून त्या काळच्या जनतेस हे अन्न कोणत्या प्रसंगी आठवे ते स्पष्ट होते. ‘कंदमुळे खाऊन राहणे’ या शब्दप्रयोगास पुराणात वैराग्याचा अर्थ आहे. वाडीवर त्याचा अर्थ उपासमार असाच होतो.

मग खऱ्या प्रागैतिहासिक मानवाची प्रकृती कशी होती? याचे उत्तर हाडांकडे आणि दातांकडेच मागितले पाहिजे. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यात सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा येथे मध्याश्मयुगीन शिकारी जनांचे सांगाडे मिळाले. त्यांची हाडे दणकट, उंची चांगली आणि दातांत कीड अगदी थोडी. आदिम आहाराच्या पुरस्कर्त्यांस हा पुरावा अनुकूल आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. परंतु त्या दफनांत वार्धक्यापर्यंत पोहोचलेली माणसे थोडी. आणि मधुमेह व हृद्रोग हे प्रामुख्याने उतारवयाचे विकार असल्याने, ते विकार त्या आहाराने टळत होते की त्या वयापर्यंत माणसे जगतच नव्हती, याचा निर्णय या हाडांवरून लागत नाही. शेतीपूर्वी धान्य खाल्ले जात नव्हते, ही समजूतही टिकत नाही. इस्रायलमधील ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे रानटी जव व गहू आणि ते दळण्याचा दगड सापडला, तर जॉर्डनमध्ये शेतीच्या सुमारे चार सहस्र वर्षे आधीच्या भाकरीचे जळके तुकडे मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रापुरते पाहता सर्वांत बोलका पुरावा पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावचा आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तेथे जे उत्खनन केले, त्याने इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांचे ग्रामजीवन उजेडात आले. जव हे त्यांचे मुख्य धान्य. जोडीला गहू, मसूर, कुळीथ. शिवाय बोरासारखी रानफळे, आणि गुरे, शेळ्यामेंढ्या व हरिण यांचे मांस. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास उत्तर जोर्वे काळ सुरू होतो. ढवळीकरांच्या मते हवामान शुष्क होत गेले, शेती खालावली, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालन व शिकार यांकडे वळले. या उपपत्तीच्या तपशिलाविषयी मतभेद आहेत. परंतु त्या लोकांनी घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या बालकांचे अस्थिअवशेष ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तपासले, आणि २०११ मधील त्यांच्या ग्रंथात उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटल्याची लक्षणे नोंदविली आहेत. नांगर सैल पडला तेव्हा इनामगावच्या मुलांच्या वाट्यास आरोग्य आले नाही, असेच त्या हाडांवरून दिसते.

शरीर अश्मयुगात घडून थांबले, हे गृहीतही आता तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. प्रौढपणी दूध पचविण्याची क्षमता पशुपालनानंतरच्या काही सहस्र वर्षांत पसरली. युरोपात आढळणारा त्यासंबंधीचा जनुकीय बदलच उत्तर व पश्चिम भारतातही आढळतो, हे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. पिष्टमय अन्नावर दीर्घकाळ राहिलेल्या समाजांत लाळेतील पाचकद्रव्याच्या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक असतात, हा शोध २००७ चा.

आदिम आहाराचे प्रत्यक्ष प्रयोगही झाले आहेत. स्वीडनमध्ये लिंडेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २९ हृद्रोग्यांवर बारा आठवडे प्रयोग केला, आणि या आहाराने रक्तशर्करेचे नियमन भूमध्यसागरी आहारापेक्षाही अधिक सुधारल्याचे त्यांना आढळले. निष्कर्ष आश्वासक खरा, पण माणसे थोडी आणि मुदत तोकडी. तयार गोडधोड, मैदा आणि तळीव पदार्थ टाकल्याने झालेला लाभ आणि ज्वारी-डाळ टाकल्याने झालेला लाभ, हे एकच मानण्याची चूक येथे सहज होते.

मराठी वाचकास अधिक जवळचा पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाचा संबंध आईने किती उष्मांक व प्रथिने घेतली याच्याशी नव्हता; तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्या सेवनाशी होता. भारतीय बालक जन्मतः कृश दिसले तरी त्याच्या देहात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते आणि पुढील मधुमेहाचे बीज तेथे असते, हा याज्ञिकांचा सिद्धांत आता सुविख्यात आहे. मुंबईतील झोपडवस्त्यांत स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून देण्याचा प्रयोग २००६ ते २०१२ या काळात झाला. सर्व बालकांचे वजन त्याने वाढले नाही, पण गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण घटल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाला आणि दूध, म्हणजे आदिम मताचे एक ग्राह्य व एक वर्ज्य, येथे एकाच पंक्तीस बसले आहेत. भाकरी टाकावी असे या पुराव्यात कोठेही नाही. भाकरीबरोबर टाकळा-कुरडू असावी, इतके मात्र त्यातून निश्चित निघते.

आणि तेथेच हा प्रश्न पुन्हा वांगणीच्या डोंगरात येतो. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानांचा विस्तार झाला, दळी जमिनींवरील शेतीस आणि रानातील वावरास बंधने आली; १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली; त्यानंतर बदलापूर-वांगणीच्या बाजूने घरबांधणी वाढत डोंगरपायथ्यापर्यंत आली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा अधिकार मान्य केला, परंतु अधिकार मिळाला त्या वेळी त्यातील बरेच रान उरले नव्हते. कातकरी ही शासनाने विशेष दुर्बल मानलेली जमात आहे आणि तिच्या मुलांतील कुपोषण सर्वज्ञात आहे. कोवळी शेवळे आणि कंटोळी शहरातील आरोग्यदक्ष गिऱ्हाइकाकडे जातात. विक्रीच्या पैशातून वाडीवर परत येतो तो बहुधा तांदूळ, तेल आणि चहा-साखर. नांगरापूर्वीचे अन्न ज्यांना शिजविता येते, त्यांच्याच ताटात ते दिवसेंदिवस कमी पडत आहे.