बोलता बोलता काढलेली रेघ

दूरच्या माणसाला एखादी गोष्ट समजावताना आवाज पाठवता येतो आणि चित्रही पाठवता येते. ही दोन्ही एकाच क्षणी, एकमेकांना धरून गेली तर समजुतीत काय फरक पडतो, हा या अभ्यासविषयाचा गाभा. या विषयात कुणी संगणकशास्त्रातून येतो, कुणी मानसशास्त्रातून, कुणी भाषाविज्ञानातून, कुणी शिक्षणशास्त्रातून. प्रत्येकाची परिभाषा वेगळी असल्यामुळे नवा वाचक सुरुवातीला भांबावतो. त्याच्यासाठी, आणि विशेषतः मराठीतून या विषयाकडे येणाऱ्यांसाठी, ही प्रस्तावना.

सुरुवात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांपासून करण्याची रीत आहे. मी ती झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीपासून करतो. बेतवा आणि धसान या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातले हे तहसिलीचे ठिकाण. बुंदेलखंडात 'हवेली' नावाची जुनी शेतपद्धत आहे. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालायचा, पावसाळाभर पाणी शेतातच उभे राहू द्यायचे, पाऊस सरला की ते सोडून द्यायचे आणि राहिलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. त्या शेतातले खरिपाचे पीक जाते, पण खालच्या विहिरींना पाणी लागते. आता समजा, टहरौलीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधाला पाझर फुटला आणि त्याने झाशीच्या राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठातल्या जाणकाराला फोन लावला. 'बांधाच्या कोपऱ्यापाशी पाणी येतंय.' कोणता कोपरा? 'सांडव्याच्या अलीकडचा.' अलीकडचा म्हणजे कुणीकडून? दोघेही शहाणे, दोघेही एकच भाषा बोलणारे, तरी दहा मिनिटे जागा ठरवण्यातच जातात. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, त्याचा सगळा डोलारा आवाजावर उभा आहे. पानावरचा रोग, बांधाची भेग, पाटाचे वळण, सारे काही शब्दांत बसवावे लागते.

फोटो पाठवावा म्हटले तर फोटोत उतार दिसत नाही. दिसतो चिखल. पण तोच शेतकरी मोबाइलच्या पडद्यावर बोटाने बांधाची रेघ ओढत गेला, 'पाणी इकडून येतं, इथं थांबतं, आणि इथं खाली निघतं' असे बोलत गेला, आणि ती रेघ उमटत असतानाच पलीकडे दिसत राहिली, तर जाणकार त्याच रेघेवर दुसरी रेघ काढून म्हणू शकतो: 'पाणी निघतं तिथं, पण शिरतं कदाचित या वरच्या अंगाला. आधी तिथं पाहा.' बांधकामातली ही साधी, पण निर्णायक गोष्ट. पाझराचे तोंड आणि पाझराचे मूळ एका जागी असेलच असे नाही, आणि हे नुसत्या शब्दांत पटवणे फार अवघड असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आधी चित्राचा फोटो आणि मागून आवाजी संदेश पाठवला तर हेच साधत नाही का, असा प्रश्न इथे हमखास येतो. थोडे साधते. पण संदेशातले 'इथे' चित्रातल्या कोणत्या जागेला लागू आहे, हे ऐकणाऱ्याला अंदाजाने जोडावे लागते. आणि मध्येच 'थांबा, हा नाला की रस्ता?' असे विचारण्याची सोय उरत नाही. पुरे झालेले चित्र आणि होत असलेले चित्र या दोन निराळ्या वस्तू आहेत. हा फरक एकदा मनात ठसला की या विषयातले निम्मे वाङ्मय सोपे होते.

महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामांत हा फरक अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. शिवारफेरीनंतर गावकरी पाराखाली जमतात, रांगोळीने किंवा खडूने जमिनीवर गावाचा नकाशा काढतात. एक जण ओढा काढतो, दुसरा म्हणतो तो इतका सरळ नाही, तिसरा जुनी बुजलेली विहीर दाखवतो, एखादी बाई पाण्याची खरी वाट दाखवते. मग त्याची साफ प्रत मोठ्या कागदावर उतरते आणि तालुक्याला जाते. नकाशा दप्तरात जातो, वाद गावात राहतो, आणि माझ्या मते निम्मी माहिती त्या वादात असते. दूरचा अधिकारी जो नकाशा पाहतो त्यात कुणाला काय खटकले याचा मागमूस नसतो.

टहरौलीच्या मुलखाला आणि पुण्याला जोडणारा पत्रव्यवहार काही नवा नाही. नारोशंकर १७४२ मध्ये झाशीला पेशव्यांचे सुभेदार म्हणून आले, आणि पुढची अनेक वर्षे तिकडचा मजकूर सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटरवरच्या पुण्याला येत राहिला. त्या काळच्या पत्रव्यवहारात बाकीचा तपशील आणणारा माणूस मुखजबानी सांगेल, अशी सोय असे. कागद आणि आवाज एकाच माणसाबरोबर पोहोचत, त्याला उलट प्रश्नही विचारता येत. उणीव वेळेची होती. उत्तर परत जाईपर्यंत परिस्थिती पालटलेली असे.

विजेच्या तारेने वेळेची उणीव भरून काढली, पण कागद आणि आवाजाची फारकत केली. इथे एक गमतीचा योग आहे. एलिशा ग्रे या अमेरिकन संशोधकाने १४ फेब्रुवारी १८७६ रोजी, म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा अर्ज दाखल झाला त्याच दिवशी, टेलिफोनविषयीचे आपले कागद पेटंट कार्यालयात दिले. आवाजाचे श्रेय बेल यांना गेले. पुढे १८८८ मध्ये त्याच ग्रे यांनी 'टेलॉटोग्राफ'चे पेटंट घेतले. त्यात लेखणीची हालचाल तारेतून जाई आणि दूरची लेखणी तीच रेघ, तेच अक्षर काढी. बँका, रेल्वे स्थानके, हॉटेले यांत ते यंत्र बराच काळ चालले. एकाच माणसाच्या हाताशी आवाज आणि रेघ दोन्ही आले होते, पण त्यांचे उद्योग वेगवेगळे वाढले. त्यांना पुन्हा जवळ आणण्याचे मोठे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. बेल प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात असा फळा बनवला, ज्यावरचा खडू टेलिफोनच्या तारेतून दूरच्या वर्गात दिसे. डग्लस एंगेलबार्ट यांनी त्याआधीच, ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत बसून मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याशी बोलत एकाच पडद्यावर काम करून दाखवले होते.

यंत्रे आली, पण त्यांतले नेमके काय उपयोगी पडते? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अल्फॉन्स चॅपॅनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे मोजायला घेतले. दोन माणसांना एक प्रश्न मिळून सोडवायला द्यायचा आणि संवादाची साधने बदलत जायची: हस्तलेखन, टंकलेखन, आवाज, चलचित्र, त्यांची मिश्रणे. निष्कर्ष स्पष्ट होता. आवाज असला की काम खूप लवकर उरकते. आवाजाला समोरच्याचे चलचित्र जोडल्याने फारसा फरक पडत नाही. आज बैठकांच्या पडद्यावर चेहऱ्यांच्या चौकटी मांडून बसणाऱ्या आपल्या पिढीने हा निष्कर्ष मुद्दाम वाचावा. काम एखाद्या वस्तूविषयी असेल, तर समोरच्याच्या चेहऱ्यापेक्षा समोरची वस्तू दिसणे मोलाचे.

पुढची मोठी भर जॉन टँग यांची. एकत्र बसून आराखडे काढणाऱ्या गटांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. कागदावर हात फिरतो तेव्हा तो दर वेळी रेघ काढत नाही. पुष्कळदा तो नुसता दाखवतो, हवेत आकार करतो, 'माझी पाळी' असेही सुचवतो. मग नुसती रेघ पाठवून हात गाळला, तर अर्थाचा मोठा हिस्सा गळतो. टँग आणि स्कॉट मिनमन यांचे 'व्हिडिओड्रॉ', आणि जपानमध्ये हिरोशी इशिई व मिनोरू कोबायाशी यांचा १९९२ चा 'क्लिअरबोर्ड' ही याच विचाराची फळे. क्लिअरबोर्डमध्ये दोघे काचेच्या दोन बाजूंना उभे राहून एकाच काचेवर काढत असल्याचा भास होतो, आणि समोरचा चित्रात कुठे पाहतो आहे हेही कळते. तशी काच प्रत्यक्ष असती तर एकाचे अक्षर दुसऱ्याला उलटे दिसले असते. चित्र आरशासारखे उलटवून त्यांनी ती अडचण काढून टाकली. मला या क्षेत्रातले हे सर्वांत देखणे काम वाटते.

संगणकाशी बोलताना लेखणी आणि वाणी कशा जुळतात, हे शॅरन ओव्हिएट यांनी १९९० च्या दशकात तपासले. दोन्ही एकदम न आल्यास बहुधा लेखणी आधी येते, शब्द मागून. माणसा-माणसांतल्या संवादातही असेच असेल, तर त्याचा परिणाम सरळ यंत्ररचनेवर होतो. आवाज एका वाटेने आणि रेघ दुसऱ्या वाटेने जात असेल आणि त्यांतली एक वाट मंद असेल, तर 'इथे' हा शब्द भलत्याच जागी पडतो. चित्र सुंदर दिसण्यापेक्षा वेळ जुळणे महत्त्वाचे, असे माझे ठाम मत आहे.

याला आणखी एक पदर आहे, आणि नव्या अभियंत्यांनी इथे जरा थांबावे. आवाजातला एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो परत मागवण्यात अर्थ नसतो. तोवर वाक्य पुढे गेलेले असते, आणि कान तेवढी फट भरून काढतो. रेघेचा हरवलेला तुकडा मात्र परत आलाच पाहिजे, कारण रेघ पडद्यावर राहणार असते. तुटका बांध आणि अखंड बांध यांचा अर्थ एक नव्हे! म्हणजे जे दोन प्रवाह एकत्र पोहोचावेत अशी आपली इच्छा, त्यांचे स्वभावच विरुद्ध: एकाला घाई, दुसऱ्याला अचूकपणा.

खर्च किती, तेही पाहू. लेखणीची जागा सेकंदाला १०० वेळा टिपली आणि दर वेळी ४ बाइट लागले, तर सेकंदाला ४०० बाइट, म्हणजे ३.२ किलोबिट होतात. समजण्याजोगा आवाज ८ किलोबिटांत बसतो. डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता-ठिकाणाचा बोजा धरला तरी ही जोडी काही दशक किलोबिटांत भागते. चलचित्राला सहज काही शे लागतात. जिथे फोनच्या सिग्नलची एखादीच दांडी दिसते, तिथे चलचित्र अडखळेल, पण रेघ आणि आवाज पोहोचतील.

ही जोडी साध्या साधनांनीही चालते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सलमान खान यांनी २००४ मध्ये बोस्टनहून न्यू ऑर्लिन्समधल्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवायला घेतले ते फोन आणि याहूची चित्रवही यांवर. त्यातून पुढे खान अकादमी उभी राहिली, आणि तिच्या धड्यांतही शिक्षकाचा चेहरा नसून चालती रेघ आणि बोलता आवाज आहे. फरक एकच: फोनवर बहीण अडवू शकत होती, ध्वनिचित्रफितीला कुणी अडवू शकत नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांच्या दूरस्थ प्रशिक्षणाचा प्रकल्प झाला. देशभरच्या केंद्रांत बसलेले शिक्षक पाहत, ऐकत, विचारत होते. पण इतक्या मोठ्या वर्गाच्या रचनेत खडू बहुतेक वेळ एकाच हातात राहतो. खडू दोन्ही बाजूंना असला तर शिकणे कसे बदलते, हा प्रश्न अजून पुरेसा तपासलेला नाही.

आणि इथेच मराठी वाचकाला काम आहे. या विषयातले बहुतेक निरीक्षण इंग्रजी बोलणाऱ्या, टेबलाशी बसलेल्या, आराखडे काढण्याची सवय असलेल्या माणसांवर झाले आहे. शेतकरी, गवंडी, विहीर खोदणारा, आशाताई यांच्या रेघा आणि त्यांचे बोलणे कसे जुळते, हे नव्याने टिपावे लागेल. तेव्हा आपल्या जिल्ह्यातला एक बांध, एक विहीर किंवा एक शेतरस्ता निवडा. त्याविषयी दोन माणसांना फोनवर बोलू द्या, एकाच पडद्यावर दोघांनाही काढू द्या, आणि रेघ व आवाज एकाच घड्याळावर नोंदवा. खोडलेल्या रेघाही जपा, आणि चित्राची साफ प्रत करू नका.