फुकट ते पौष्टिक. मुक्त ते काय?

फेब्रुवारी १९७६मध्ये अमेरिकेतल्या हौशी संगणकवाल्यांच्या एका वार्तापत्रात एक अनावृत पत्र छापून आलं. लिहिणारा होता वीस वर्षांचा बिल गेट्स. 'अल्टेअर' या यंत्रासाठी त्याच्या चमूने बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली होती. त्याची तक्रार अशी, की यंत्र घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, बाकीच्यांनी सरळ चोरलं. हिशोब केला तर आमच्या मेहनतीचं मोल तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाही. हौशी मंडळींना यात चोरी दिसत नव्हती. यंत्राचे पैसे मोजायला ते तयार होते. प्रोग्रॅम म्हणजे मित्राच्या वहीतून उतरवून घ्यायची गोष्ट.

सात वर्षांनी, सप्टेंबर १९८३मध्ये, एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने नेमकी उलटी तक्रार घेऊन 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. त्याच्या प्रयोगशाळेतला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर अडकायचा. प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा मूळ कोड मिळाला असता, तर कागद अडकल्याची सूचना सगळ्यांना पाठवण्याची सोय त्याला करता आली असती. कोड द्यायला नकार मिळाला. वापरणाऱ्याच्या हातातली वस्तू त्याला दुरुस्त करता येऊ नये, हा त्याच्या मते अन्याय होता. त्याने 'फ्री' हा शब्द वापरला आणि पुढे आयुष्यभर त्याला समजावून सांगावं लागलं, की हे 'फ्री' किमतीबद्दल नाही, स्वातंत्र्याबद्दल आहे.

मराठीत ही अडचण यायला नको होती. आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. तरीही नव्वदीच्या दशकात आपल्या घरांत संगणक आले तेव्हा फरक कुणाच्या कानावर पडला नाही, याचं कारण भाषेत नव्हतं, बाजारात होतं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्रात जोडणाराच विंडोज 'टाकून' द्यायचा. ऑफिस, फोटोशॉप, पेजमेकर हेही त्याच सीडीवरून यायचं. लिनक्सच्या सीड्या संगणकविषयक मासिकांबरोबर येत; २००५नंतर उबुंटूवाले तर मागाल त्याला पोस्टाने सीडी घरपोच पाठवत. पण विंडोजही फुकट आणि लिनक्सही फुकट, तर ओळखीचं सोडून अनोळखी का घ्या? पायरसीमुळे व्यापारी कंपन्यांचं नुकसान झालं असं आपण ऐकतो. माझ्या मते आपल्याकडे त्याहून मोठं नुकसान मुक्त सॉफ्टवेअरचं झालं. त्याचा सामान्य माणसाला दिसणारा एकमेव फायदा चोरीच्या सीडीने आधीच देऊन टाकला होता.

शिक्षणानेही तेच पक्कं केलं. २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या लाखो लोकांनी केला. त्यातून संगणकाची भीती गेली, हे मोठंच काम झालं. पण त्या पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज आणि पत्र लिहिणं म्हणजे वर्ड, हे समीकरणही रुजलं.

या फुकटेपणाची खरी किंमत मराठी मजकुराने मोजली. तेव्हाच्या फाँटमध्ये जेमतेम २५६ खण असत. मराठी फाँट बनवणाऱ्या कंपन्यांनी त्या खणांत इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं बसवली. कुठला तुकडा कुठल्या खणात, हे प्रत्येकीने आपापलं ठरवलं. भारत सरकारने १९९१मध्ये 'इस्की' हे प्रमाण जाहीर केलं होतं, पण डीटीपीच्या दुनियेत राज्य या खासगी मांडण्यांचंच राहिलं. म्हणजे फाइलमध्ये मराठी नसायचंच. असायची इंग्रजी चिन्हांची एक रांग, जी त्या कंपनीचा फाँट लावला तरच मराठी दिसे. अनेक पॅकेजांसोबत संगणकामागे खोचायचं 'लॉक' यायचं. ते लॉक डोळ्यांना दिसत होतं. दुसरं कुलूप फाइलमध्येच होतं, ते कुणाला दिसलं नाही.

माझ्याकडे २००१ ते २००५ या काळातल्या एका छोट्या नियतकालिकाच्या फाइली आहेत. ज्या केंद्रात अंक लागायचा ते बंद झालं, पॅकेजची ती आवृत्ती आज कुठल्याच यंत्रावर चढत नाही. फाइल उघडली की कंस, टक्के आणि उलटेसुलटे स्वल्पविराम दिसतात. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण जुन्या फाँटात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असे. त्यामुळे 'सर्व'चं 'सवर्' होतं आणि प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. त्यातल्या तीन लेखकांच्या हस्तलिखितांचा आता पत्ता नाही. त्यांचे लेख छापील अंकात आहेत आणि या रांगांमध्ये आहेत.

त्या डीटीपीवाल्यांना दोष देणं सोपं आहे. पण मी त्यांच्याशी बोललो आहे आणि त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. उद्या सकाळी छापखान्यात निगेटिव्ह द्यायची असते. फाँट सुबक हवा, जोडाक्षर फुटता कामा नये, अडलं तर फोन उचलणारं कुणीतरी हवं. व्यापारी पॅकेज हे सगळं देत होतं. त्या काळच्या लिनक्सवर मराठी धड दिसायचीसुद्धा मारामार होती. कोड उघडा आहे, तुम्हीच दुरुस्त करा, हे उत्तर ज्याला कोड वाचता येत नाही त्याच्या काय कामाचं?

सुटका झाली ती युनिकोडमुळे, आणि ती दोन्ही बाजूंनी आली. युनिकोडमधला देवनागरी विभाग इस्कीवरच बेतलेला होता. विंडोज २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आणला. सोबतचा 'मंगल' फाँट घडवला होता र. कृ. जोशी यांनी, सुलेखनकार आणि मराठी कवी असलेल्या माणसाने. दुसरीकडे रेड हॅटने 'लोहित' फाँट मुक्त परवान्याखाली दिले. पुढे मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फाँटही तसाच आला. अक्षराचा क्रमांक ठरला, तो कुणाच्या मालकीचा राहिला नाही, आणि मग कंपनी कुठली हा प्रश्न दुय्यम झाला. पेजमेकरला मात्र युनिकोड शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून अनेक छापखाने पुढेही कित्येक वर्षं जुन्याच फाँटांत अडकून राहिले.

मग परवाना मुक्त असण्याचा सामान्य माणसाला उपयोग काय? २०१०मध्ये तो दिसला. ओपनऑफिस सांभाळणारी सन ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली. भवितव्याची शंका येताच अनेक प्रोग्रॅमरांनी तोच कोड घेऊन त्याच वर्षी 'लिब्रेऑफिस' सुरू केलं. वापरणाऱ्यांच्या जुन्या फाइली नव्या घरात जशाच्या तशा उघडल्या. मालक बदलला, दुकान बंद झालं, तरी काम चालू राहू शकतं. मुक्ततेचा हा अर्थ कोड न वाचणाऱ्यालाही कळण्यासारखा आहे. माझ्या नियतकालिकाच्या वाट्याला तो आला नाही.

आज बहुतेक फोनवर 'क्ष' किंवा 'र्व' जुळतं ते 'हर्फबझ' नावाच्या मुक्त प्रोग्रॅममुळे. अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस सगळे तोच वापरतात. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. ते वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्याच्याबद्दल काहीच मत नाही, आणि असायची गरजही नाही. मत असायला हवं ते फोनमधल्या टिपणांबद्दल, घरच्या हिशोबांबद्दल, आजीच्या रेकॉर्ड केलेल्या ओव्यांबद्दल. ज्या ॲपमध्ये आपण हे साठवतो ते उद्या बंद पडलं, तर ते बाहेर काढून दुसरीकडे उघडता येईल का? किंमत विचारायची सवय आपल्याला आहेच. त्याच्या जोडीला एवढं एक विचारून ठेवावं.