गिरणी कामगार प्रवासाला निघतो

बोनसवर बोलायचे असते तर आम्ही हातात कागद न घेता उभे राहिलो असतो. परंतु व्याख्यानमालेच्या चालकांनी पाश्चात्य समाजातील संस्कृती आणि पर्यटन हा विषय आमच्यापुढे ठेवला आणि आमची पंचाईत झाली. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. परदेश आम्ही पाहिलेला नाही. तेव्हा तिकडच्या चित्रशाळांचे वर्णन आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. आम्हाला सुचला तो प्रश्न साधा आहे. ज्याला रोज भोंग्याबरोबर फाटकाच्या आत जावे लागते तो माणूस सहलीला निघाला केव्हा, आणि त्याला सोडले कोणी?

त्याच्या आधी प्रवास होता तो श्रीमंतांचा. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज उमरावाचा मुलगा शिक्षक आणि नोकर बरोबर घेऊन वर्ष-दोन वर्षे फ्रान्स-इटलीत हिंडे, जुने पुतळे विकत घेई आणि घरी येऊन सुसंस्कृत म्हणवून घेई. अमेरिकन पंडित थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने 1899 साली आपल्या ग्रंथात या वर्गाची चांगलीच झडती घेतली. काम न करता वेळ घालवता येणे, आणि तो तसा घालवलेला लोकांना दिसणे, हेच मोठेपणाचे लक्षण होऊन बसते, असा त्याचा सिद्धान्त. आम्ही तो प्रथम वाचला तेव्हा हसू आले. आमच्या एका जुन्या मुकादमाची आठवण झाली.

या उंबरठ्याच्या आत सामान्य माणसाला आणण्याचा पहिला मोठा उद्योग केला तो थॉमस कुक या लाकूडकाम करणाऱ्या बाप्टिस्ट कारागिराने. 5 जुलै 1841 रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली. भाडे एक शिलिंग. हेतू दारूबंदीच्या सभेचा. दारूच्या गुत्त्याऐवजी दुसरे काही दिले तर माणूस सुधारेल, अशी त्याची श्रद्धा होती. पुढे 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला त्याने सुमारे दीड लाख लोक नेले, आणि श्रद्धेचे रूपांतर कंपनीत झाले.

सुशिक्षितांना हे रुचले असेल असे समजू नका. 1844 मध्ये विंडरमिअर सरोवराकडे रेल्वे नेण्याचे ठरले, तेव्हा कवी वर्ड्‌स्वर्थने वर्तमानपत्रात पत्रे लिहून विरोध केला. निसर्गसौंदर्याची गोडी हळूहळू लागते, कारागिरांना गाड्या भरभरून तेथे आणल्याने त्यांचा काही फायदा होणार नाही, त्यांनी आपल्या गावाजवळच्या शेतांत फिरावे, असे त्याचे म्हणणे. याच कवीने त्या सरोवरांचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते आणि त्याच्या कितीतरी आवृत्त्या खपल्या होत्या! म्हणजे पाहुण्यांना त्याची हरकत नव्हती. हरकत होती ती तिसऱ्या वर्गाच्या डब्याला. 1847 साली रेल्वे झाली, आणि सरोवरे अद्याप जागेवर आहेत.

आता लँकेशायरकडे येऊ. हा मुलूख आम्हाला परका वाटत नाही, कारण गिरणगावातील कित्येक गिरण्यांत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रे होती. तेथे गावोगावच्या चर्चचा वार्षिक उत्सव असे. आपल्या ग्रामदैवताच्या जत्रेसारखा. त्याला ‘वेक्स’ म्हणत. कारखानदारी आली तरी विणकर त्या दिवसांत कामावर येईनात. दंड करून पाहिले, उपयोग होईना. शेवटी मालकांनी शहाणपणाने त्या आठवड्यात गिरणीच बंद ठेवावी आणि बॉयलर साफ करून घ्यावा असा रिवाज पडला. प्रत्येक गावाचा आठवडा निराळा. 1846 साली ब्लॅकपूलला रेल्वे पोचली आणि उन्हाळाभर आज हे गाव तर उद्या ते गाव समुद्रावर लोटू लागले. गल्लीतले शेजारी तेथेही एकाच खाणावळीत शेजारी. कित्येक ठिकाणी शिधा पाहुण्यांनी आणायचा, घरमालकिणीने शिजवून द्यायचा, आणि मेजावरच्या मीठ-मिरीचा आकार बिलात वेगळा लावायचा!

पण या आठवड्याला पगार नव्हता, हे ध्यानात घ्यावे. गिरणी बंद म्हणजे मजुरी बंद. विणकर आणि त्यांच्या बायका (त्याही बहुधा मागावरच असत) वर्षभर दर आठवड्याला भिशीत पैसे टाकत आणि आठ दिवसांत ते खर्चून परत येत. सुसंस्कृत मंडळी या गर्दीला आणि 1894 साली उभ्या राहिलेल्या ब्लॅकपूलच्या मनोऱ्याला नाके मुरडीत. आम्हाला मात्र त्या भिशीच्या वह्यांत मोठी संस्कृती दिसते. भरपगारी आठवड्याचा कायदा ब्रिटनमध्ये 1938 साली झाला, आणि तोही वेतनमंडळांना तसा हुकूम काढण्याची मुभा देणारा.

फ्रान्समध्ये गोष्ट निराळ्या रीतीने घडली. मे 1936 च्या निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी जिंकली. तिच्या जाहीरनाम्यात भरपगारी रजेचा शब्दही नव्हता. परंतु नवे मंत्रिमंडळ बसण्याआधीच कामगारांनी संप पुकारले, आणि कारखान्याबाहेर न जाता आतच ठाण मांडले. जूनपर्यंत सुमारे अठरा लाख लोक संपावर होते. बायका डबे घेऊन फाटकाशी येत. अंगणात अ‍ॅकॉर्डियन वाजवून नाच चालत. 7 जूनच्या रात्री पंतप्रधान लेआँ ब्लूम यांच्या निवासस्थानी मालकांनी करारावर सह्या केल्या, आणि 20 जूनला पंधरा दिवसांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. म्हणजे जाहीरनाम्यात नसलेली मागणी काही आठवड्यांच्या संपाने कायद्याच्या पुस्तकात गेली. संघटकाच्या धंद्यात तीस वर्षे घालवूनही आम्ही ही हकीकत वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो.

लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढले. पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी ते घेतले. विरोधी पत्रांनी लाग्रांजला आळसाचा मंत्री ठरवले, आणि किनाऱ्यावर आलेल्या कामगारांना टोपीवाले हलकट म्हटले. ‘भरपगारी रजावाले’ ही तर शिवीच झाली. पुष्कळांनी त्या पहिल्या उन्हाळ्यात समुद्र पाहिलाही नाही; ते गावी आईबापांकडे गेले, किंवा नदीवर गळ टाकून बसले. गणपतीला कोकणात जाणाऱ्या आमच्या चाकरमान्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. लाग्रांज 1940 च्या जूनमध्ये आघाडीवर मारला गेला. ती पंधरा दिवसांची रजा पुढे 1956 साली तीन आठवडे, 1969 साली चार आणि 1982 साली पाच आठवडे झाली.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात व्यवस्थापनाने साऱ्या कामगारांना थंड हवेच्या ठिकाणी सहलीला नेले. बस, जेवण, टोपी सगळे फुकट. परत आले तो फाटकावरचा आमचा फलक उतरवलेला. एका तरुण सभासदाने आम्हाला विचारले, ‘काका, मालक एवढे करतो, मग युनियन कशाला?’ त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते पुढे जर्मनीच्या इतिहासात सापडले.

2 मे 1933 रोजी, कामगार दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, हिटलरच्या टोळ्यांनी साऱ्या जर्मनीतील युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पुढारी तुरुंगात गेले, निधी सरकारी कामगार आघाडीकडे गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या आघाडीने ‘आनंदातून शक्ती’ नावाची संस्था काढली. नाटके, सहली, नॉर्वे आणि मदेरापर्यंत जलप्रवास! 1937 साली पाण्यात सोडलेल्या ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ जहाजावर वर्गभेद नको म्हणून सगळ्या खोल्या सारख्या. प्रत्यक्षात लांबच्या सफरींवर कारखान्यातील मजुरांपेक्षा पगारदार मंडळीच अधिक दिसत, आणि प्रवाशांत गुप्त पोलिसांचे हेर मिसळलेले असत. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून स्वस्त मोटार मिळेल म्हणून तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. युद्धापूर्वी एकालाही गाडी मिळाली नाही. बाल्टिक समुद्रावर प्रोरा येथे वीस हजार लोकांसाठी साडेचार किलोमीटर लांबीचे विश्रामगृह बांधायला घेतले. पायाभरणीचा दिवस 2 मे 1936, म्हणजे कचेऱ्या लुटल्याला बरोबर तीन वर्षे. त्यात सुट्टीचा पाहुणा एकही उतरला नाही, युद्ध आले.

त्या तरुणाला आम्ही प्रोराचा फोटो दाखवला. सहलीला जाऊ नकोस असे आम्ही म्हटले नाही. सहल कोणती, केव्हा, आणि नको असेल तर नाही म्हणायचे की नाही, हे ठरवणारा कोण, एवढेच विचार म्हटले. तो सभासद राहिला. फलक मात्र परत लावायला दीड वर्ष लागले.

युद्धानंतर विमान स्वस्त झाले, लँकेशायरचा विणकर स्पेनच्या उन्हात जाऊ लागला आणि ब्लॅकपूलच्या खाणावळी ओस पडू लागल्या. त्याच काळात त्याची गिरणीही बंद पडत होती. डीन मॅकॅनेल या समाजशास्त्रज्ञाने 1976 च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, 1900 च्या सुमारास पॅरिसला येणाऱ्या प्रवाशाला तंबाखूचा कारखाना, कत्तलखाना, भुयारी गटारेसुद्धा दाखवीत. दुसऱ्याचे काम हेही पाहण्याचे स्थळ होते. जॉन अरी हा प्राध्यापक तर लँकेशायरच्याच लँकॅस्टर विद्यापीठातला. त्याने 1990 साली प्रवाशाच्या नजरेवर पुस्तक लिहिले, त्यात बंद पडलेल्या उद्योगांच्या गावांनी आपला भूतकाळच पाहुण्यांपुढे कसा मांडला याचीही चर्चा आहे.

बर्न्लीजवळची क्वीन स्ट्रीट मिल ही त्यातलीच. मार्च 1982 मध्ये ती बंद झाली. मुंबईत गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आम्ही शाळेत होतो आणि वडील घरी बसलेले होते. पुढे त्या गिरणीचे संग्रहालय झाले, आणि वाफेच्या इंजिनावर चालणारे तिचे माग तिकीट काढून आलेल्या लोकांसाठी चालवून दाखवू लागले. मागांचा आवाज असा की जुन्या विणकर बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणे ओळखत. तो आवाज ऐकायला आता मुद्दाम माणसे जातात. आमचे वडील शेवटपर्यंत मोठ्याने बोलत.